शकुआजींचा नेम

४ नोव्हेंबर
आज बोरिवलीला आले. गोराईतली ही तीन मजली बिल्डिंग मला लगेच आवडली. जिन्यात प्रत्येक दारापुढे वेगळी रांगोळी, आणि दुपारी सगळ्या घरांतून तिरफळाचा वास. वनमालामावशी आईच्या माहेरच्या शेजारीण. त्यांनी मला खिडकीजवळची खोली दिली आणि पहिल्याच जेवणाला तिसऱ्यांचं कालवण केलं. त्यांच्या मालवणी रांधपाच्या वेबसाइटचं काम आजपासून माझं. पाककृती त्या सांगणार. मजकूर, फोटो आणि जाहिरातींचं खातं मी बघायचं. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते या जाहिरातींच्या पैशांवरच चालतं. हे त्यांनी भात वाढता वाढता सांगितलं, मीठ बरोबर आहे ना विचारावं तसं.

पाचवीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. दिवसाचं खरं ते लिहायचं, स्वतःला सूट द्यायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. म्हणून ही वही. गॅस दोनदा बघितला. बंद आहे.

९ नोव्हेंबर
जाहिरात कंपनीची ताकीद आली. कुणीतरी खोटे क्लिक करतंय, म्हणजे काही विकत घ्यायचं नसताना नुसतंच जाहिरातींवर बोट लावतंय. असंच चाललं तर खातं बंद. मावशींना सांगितलं नाही, त्यांचं ब्लडप्रेशर वाढतं. साइटवर एक साधन बसवलं. कुठल्या फोनवरून, कुठल्या कनेक्शनवरून बोट पडलं ते त्यात दिसतं.

१२ नोव्हेंबर
शत्रू कोणी नाही. आमचीच बिल्डिंग! रोज दिवेलागणीला क्लिकची रांग लागते. मावशी डायलिसिसला गेल्या तेव्हा समोरच्या रत्नप्रभाकाकूंना विचारलं. त्या हसत म्हणाल्या, अगं, संक्रांतीच्या हळदीकुंकवात आम्ही बायकांनी नेम धरलाय. देवापुढे दिवा लावला की वनमालाची साइट उघडायची आणि सगळ्या जाहिरातींना बोट लावायचं. तिला कळू द्यायचं नाही, तिला उपकार वाटतील.

मी समजावलं. कंपनी याला फसवणूक धरते, मावशींचंच खातं जाईल. काकू म्हणाल्या, म्हणजे पुण्य करायला गेलो आणि चोर ठरलो, वा गं बाई. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्यांना थांबवलं. चांगल्या आहेत बायका.

१५ नोव्हेंबर
सगळ्या थांबल्या, एक सोडून. शकुआजी. त्या आमच्या बरोबर वर राहतात, एकट्याच. गावाकडून आल्या त्या मिलमध्ये नवऱ्याचा डबा पोचवायला, असं स्वतःच सांगतात आणि हसतात. मासे कापताना विळीने उजव्या तर्जनीचं नख मधोमध चिरलं होतं, ते जन्मभर तसंच दुभंगून वाढतंय. त्याच बोटाने त्यांचा फोन उघडतो. मी समजावलं. त्यांनी मान हलवली, मला सोलकढी दिली. दिवेलागणीला पुन्हा क्लिक.

१८ नोव्हेंबर
दुसरी ताकीद. मी वर गेले आणि वाईट बोलले. खरं ते लिहायचं, म्हणून शब्द लिहिते. मी म्हटलं, "आजी, मावशींच्या हातातली सुई तुम्ही रोज उपसताय. त्या मेल्या तर तुमच्या या बोटाने मरतील."

आजी बराच वेळ बोटाकडे बघत बसल्या. मी फोन मागितला. त्यांनी दिला. मी निघताना म्हणाल्या, "नेम मोडूचो नसता गे चेडवा. कोणाक तरी देऊचो लागता."

फोन बंद करून माझ्या खणात ठेवला आहे. खातं सुधारलं की परत देईन. माझं चुकलं नाही. मावशींचा जीव आहे.

२० नोव्हेंबर
एकही क्लिक नाही. वरून मात्र सकाळपासून टकटक चालू आहे. फरशीवर काहीतरी आपटतंय, हळू, थांबून थांबून. शकुआजी राग काढतायत.

२१ नोव्हेंबर
अजून टकटक. मावशी म्हणाल्या, वर जाऊन बघतेस का गं, म्हातारी ठीक आहे ना. मी म्हटलं, मसाला कुटत असतील. त्यांची समजूत काढायला गेले असते तर फोन परत मागितला असता. कानात बोळे घालून मोरी माशाच्या कालवणाची पाककृती पुरी केली.

२२ नोव्हेंबर
टकटक थांबली. बरं झालं.

२३ नोव्हेंबर
शकुआजींच्या दाराला दुधाच्या पिशव्या तशाच लटकलेल्या होत्या. दूधवाल्याने रत्नप्रभाकाकूंना सांगितलं. दार फोडलं.

न्हाणीच्या उंबऱ्यात मरून पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलेलं. तोंडातून आवाज निघत नसावा. उजवा हात लांब केलेला, तर्जनी फरशीवर टेकलेली. बोटाचं टोक काळंनिळं झालं होतं. नख पुरतं उपटलेलं.

काकू रडत म्हणाल्या, फोन कसा नाही केला गं हिने, फोन तर रात्रंदिवस हातात असायचा.

मी खाली आले. खण बंद आहे.

२९ नोव्हेंबर
दिवेलागणीला क्लिक. शकुआजींच्या फोनवरून. कनेक्शन आमच्याच घरातलं.

खण उघडला. फोन चालू होता, ऊन लागल्यासारखा गरम. बंद करायला हातात घेतला तर माझं बोट लागलं आणि तो उघडला.

त्यांच्या बोटाशिवाय उघडत नव्हता तो. आणला त्याच दिवशी मी करून बघितलं होतं, तेही खरं लिहायला हवं.

१ डिसेंबर
गोराईच्या जेट्टीवर गेले. फोन खाडीत टाकला. बुडताना बघितला.

घरी आले, माझा फोन उघडेना. पुसून पुसून बोट लावलं. माझं बोट तो ओळखत नाही. आकडे टाकून उघडला.

२ डिसेंबर
आजचे क्लिक माझ्या फोनवरून आहेत. मी दिवा लावला, हे आठवतं. मग मावशींनी कुकर बंद करायला हाक मारली, हे आठवतं. मधलं नाही.

तर्जनीचं नख दुखतंय. मधोमध रेघ आली आहे.

३ डिसेंबर
कंपनीचं शेवटचं पत्र. यापुढे एकही खोटा क्लिक दिसला तर खातं कायमचं बंद, पुन्हा उघडणार नाही. मावशी डायलिसिसहून आल्या. सांगत होत्या, तिथल्या सिस्टरला म्हटलं, माझी श्रुतिका आहे म्हणून मी आहे. माझा उजवा हात घेऊन त्यांनी गालाला लावला. बोट त्यांच्या गालावर टकटक करत होतं. त्यांना वाटलं, मी लाडाने करते —

४ डिसेंबर
थोडे दिवस सगळ्या जाहिराती काढून टाकायच्या, एवढंच करायचं आहे. पान उघडलं. बोट तिथे जात नाही. डाव्या हाताने गेले तर उजव्याने मनगट धरलं. माझ्याच —

नख दुभंगलं. रक्त नाही. जुनं असल्यासारखं.

फोन रत्नप्रभाकाकूंकडे ठेवायला दिला. दुपारी त्या परत देऊन गेल्या. म्हणाल्या, तूच मागायला आलीस ना गं आत्ता.

५ डिसेंबर
संध्याकाळ. काल-परवा दिवा मावशींनी लावला, म्हणून क्लिक झाले नाहीत. एक कळलं आहे. पेन धरलं की बोट पेनावर राहतं. लिहीत असेन तोवर ते कुठे जात नाही. म्हणून लिहिते आहे. काहीही. तिसऱ्या. तिरफळ. गॅस बंद आहे. गॅस बंद आहे. वरच्या घरात कोणी नाही आणि वरून टकटक —

नाही. वरून नाही. पेनाचं टोक कागदावर —

मावशी हाक मारतायत. अंधारलं की गं, म्हणतायत. मी येते म्हटलं. त्यांना उठवत नाही, आज सुईने हात सुजलाय. पुन्हा हाक. बाळा, वही ठेव आता, आधी देवापुढे दिवा ला