मचाणावरची पाच मिनिटं

बर्लिन, रविवार, ऑक्टोबर १९६३

आज भिंत पाहिली. पाहण्यात काही चूक नव्हती. पण मचाणावर एवढा वेळ उभं राहायला नको होतं.

भिंतीपलीकडचं दिसावं म्हणून इकडच्या बाजूला लाकडी मचाण बांधलंय. एक माणूस जेमतेम उभा राहील एवढंच. स्टुटगार्टहून मुद्दाम आलोय, पुण्याला फोटो पाठवायचेत, म्हणून मी फिल्मचा रोलसुद्धा वरच बदलला. पलीकडे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक म्हातारी रुमाल हलवत होती. मला गंमत वाटली. मीही हात हलवला. ती क्षणभर थांबली आणि खिडकी बंद झाली.

उतरलो तर खाली दुसरी एक म्हातारी कठड्याला धरून उभी.

"चार वाजून गेले का हो?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटं झाली."

"मग गेली असेल माझी बहीण. रविवारी चारला खिडकीत येते. पोलिसांच्या भीतीनं लगेच आत जाते."

"अहो, मग मला हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही एवढ्या लांबून आलात. म्हटलं, पाहू दे."

रागावली असती तर बरं झालं असतं. मलाच समजावत म्हणाली, पुढच्या रविवारी येईन.

पण पलीकडच्या त्या बहिणीचं काय? नेहमीच्या जागी बहीण नाही, आणि कुणी परका माणूस तिच्याकडे बघून हात हलवतोय. तिनं त्याचा काय अर्थ घेतला असेल? आता आठवडाभर ती कुणाला विचारणार?