यंत्रासाठी विणलेली बाज

हैदराबाद,
ता. ८ जानेवारी १९९५

चि. दामूस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. नेहमीप्रमाणे एकही खाडाखोड नाही. आठवीत शाळा सोडलेल्या पोराचे असे स्वच्छ पत्र पाहून इथले इंजिनियर विचारतात की भाचा वकील आहे का. मी नाही म्हणत नाही.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, एकदा नीट समजाव की तिचा भाऊ बॉम्ब करत नाही. शत्रूचे क्षेपणास्त्र आले तर त्याला वरच्यावर अडवणारे यंत्र आमचे साहेब बनवत आहेत. रॉकेट ते उंच नेऊन सोडेल. मग ते पोटातले गरम वाफेचे फवारे सोडत स्वतःला इकडे-तिकडे सरकवेल आणि येणाऱ्याच्या वाटेत जाऊन धडकेल. आत दारू नाही, धडकच पुरे. पण आधी त्याला इथे हॉलमध्ये, हवेत, एका जागी उभे राहता आले पाहिजे आणि समोरच्या हलत्या दिव्यावरची, म्हणजे खोट्या शत्रूवरची, नजर ढळता कामा नये.

वाफ संपली की ते खाली पडते. डिसेंबरात आम्ही खाली नायलॉनचे जाळे बांधले होते. जाळ्याने झेलले आणि चेंडूसारखे परत उडवले. यंत्र भिंतीवर आपटून चुरा झाले. आता एकच उरले आहे. हेही फुटले तर काम बंद, असे वरून कळवले आहे. मग मी, रोजंदारीवरचा माणूस, पन्नाशीत टेमघरला परत येऊन तुझ्या आईच्या शिव्या खात बसेन.

बैठकीत मी बोलून गेलो की आमच्या भिवंडीची सुती नवार, खाटेला विणतात ती पट्टी, आणू आणि खाटेसारखी बाज विणू, सुती नवार उसळत नाही. साहेब हो म्हणाले. तेव्हा तुझ्या मालकांना, अब्दुर्रहमान चाचांना, माझा सलाम सांग आणि सोबतच्या मापाची नवार लवकर विणून पाठव. आता लाज तुझ्या हातात आहे.

ताईस नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, तो नवारीइतका लांब होवो.

तुझा,
केसरीनाथमामा

टेमघर, भिवंडी,
ता. ९ फेब्रुवारी १९९५

ती. मामांस दामूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

नवारीचे गठ्ठे पोचले असतील. पोचले असतील तर कृपा करून तसेच बांधू नका. आधी गरम पाण्यात भिजवा, चोळून धुवा आणि मगच बांधा. कारण खाली लिहितो.

काल सायझिंगवर गेलो होतो. तिथे ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला पिठाची खळ लावतात. हिरामण तिथला जुना माणूस. तो मोठ्या आनंदाने सांगू लागला की मामांचा सरकारी माल होता ना, म्हणून खळ अगदी दाबून दिली. इथे गिऱ्हाईक नवार अंगठ्याने दाबून बघते आणि कडक लागली तरच घेते, हे तुम्हाला माहीत आहे. त्याने आपुलकीनेच केले. चूक माझी. मी रुंदी सांगितली, वीण सांगितली, मध्ये गाठ नको हेही सांगितले. खळीचे मात्र बोललो नाही. भिवंडीत ते कोणी बोलतच नाही, कारण खळीशिवाय ताणा मागावर चालत नाही.

उरलेला तुकडा मी दोन स्टुलांवर ताणून बांधला आणि वरून लोखंडी वजन सोडले. फळीवर पडल्यासारखा आवाज आला. चाचा धावत बाहेर आले. त्यांनी नवार वाकवून पाहिली आणि म्हणाले की अरे दामू, ये नवार नहीं, पापड है. मग मला पाणी प्यायला लावले. हमिदा चाची चाचांवर रागावल्या की पोरगा आधीच घाबरट, त्यात तुमची मस्करी.

चाचींच्या सांगण्यावरून तारही दिली आहे. पण तुमच्या फाटकावर तारा अडकतात असे तुम्हीच एकदा लिहिले होते, म्हणून हे पत्र तुमच्या खोलीच्या पत्त्यावर टाकतो.

आईला काही सांगितलेले नाही. ती शेजारच्या ठकुबाईला सांगत फिरते की आमच्या केसऱ्याचं यंतर खाडीवरच्या खंड्यावानी एका जागी फडफडतंय, त्याच्या तोंडचा मासा सुटायचा न्हाय. ते ऐकले की मी मागावर निघून जातो.

उलट टपाली कळवावे. रागावलात तरी चालेल, पण कळवावे. कृपा असू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
दामू

हैदराबाद,
ता. १५ फेब्रुवारी १९९५

चि. दामूस मामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी पाणी पी. मग वाच.

तुझे पत्र काल आले. चाचणी रविवारीच झाली. तारेचे म्हणशील तर ती सुरक्षावाल्यांनी धरून ठेवली होती. "नवार धुऊन बांधा" हा काहीतरी गुप्त संकेत आहे असा त्यांना संशय आला. आज साहेबांसमोर मला उभे करून अर्थ विचारला. मी अर्थ सांगितला तेव्हा साहेब टेबलावर डोके ठेवून हसले.

तर नवार न धुताच बांधली होती. कडक लागली, पण आम्हाला वाटले की भिवंडीचा माल असाच असतो.

दामू, ते उठले! आधी जरा डुलले, मग उभे राहिले. वर दोरी नाही, खाली टेकू नाही, नुसती वाफ. दिवा डावीकडे गेला तसे त्याने तोंड डावीकडे फिरवले. दिवा खाली आला तसे तेही खाली झुकले. आमच्यातला एक जण मोठ्याने रडू लागला, त्याला कोणी गप्प केले नाही. मग वाफ संपली आणि ते पडले. मी डोळे मिटून घेतले.

आवाजच आला नाही. फवाऱ्यांच्या वाफेने तुझ्या हिरामणची सगळी खळ भिजून चिकट झाली होती. बाज झोळीसारखी खाली गेली आणि यंत्र पेजेत पडलेल्या माशीसारखे तिथेच चिकटून बसले. उसळले नाही, फुटले नाही. साहेबांनी नंतर कोरडा तुकडा आणि भिजलेला तुकडा शेजारी शेजारी ताणून हे सगळे समजावले. यंत्राच्या भोकाभोकांतून आम्ही अजून खळ खरवडतो आहोत. हिरामणला माझ्यातर्फे मिठाई दे, आणि दोन शिव्याही दे.

काम बंद करायचे की नाही ते आता पुढच्या चाचणीवर ठरणार आहे. मार्चात ते ठरवणारे वरचे पाहुणे येतील. बाज बांधायला तू स्वतः ये, साहेबांनीच बोलावले आहे. नवार तशीच, खळीसकट आण.

तुझी वाट पाहणारा,
मामा

हैदराबाद,
ता. २० मार्च १९९५

ती. आईस दामूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र चाचांच्या सफियाकडून वाचून घे. सफियाने सावकाश वाचावे, मध्ये हसू नये.

मी सुखरूप आहे. इथे जेवणात तिखट फार. मामा बरे आहेत. बाज मी स्वतः ताणली. प्रत्येक गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, शेवटी मामांनी मला दंडाला धरून काचेमागे नेले.

आई, मी ते पाहिले. तू म्हणतेस तसेच, खंड्यासारखे, पण पंखांशिवाय. वाफेत उभे होते आणि दिव्याकडे असे बघत होते की मला वाटले आता माझ्याकडेही बघेल. दिवा कसाही पळवला तरी सुटला नाही. पाहुणे खुर्च्यांवरून उठले.

वाफ संपत आली असेल असे मला वाटले. मी नवारीवरच डोळे लावून बसलो. पण साहेबांनी या वेळी त्याला एक नवी गोष्ट शिकवली होती आणि ती कोणाला सांगितली नव्हती. ते पडले नाही. ते उतरले. हळूहळू, सरळ, खाली बघत, आणि बाजेवर असे टेकले की मांजर बसले तरी नवार याहून जास्त दबेल.

काम चालू राहणार. मामांना कायम करणार आहेत, तसे पाहुण्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. मामांनी टोपी काढली आणि परत घातली.

मग साहेब माझ्याजवळ आले आणि जरा संकोचून म्हणाले की यापुढे बाजेची गरज पडणार नाही. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. आई, त्या हॉलमध्ये सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

चाचा-चाचींस सलाम, ठकुबाईस नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
दामू