हत्ती दिला की घोडा परत

प्रिय सूनबाई,

ही हाक तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण फोनवर बोलायला गेले की मी दुखण्यांचंच रडगाणं लावते आणि तू म्हणतेस डॉक्टरकडे जा, म्हणून लिहितेय. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, शिलाईचं दुकान शेवटी मदतनीस बाईच्या हवाली केलं. तुझी नवी नोकरी मानवली का? जेवणाची आबाळ करू नकोस. माझा लेक गेल्यापासून नुसती हाडं उरलीत तुझी.

तुला एक सांगायचं राहिलंय. लहानपणी तो दुकानात कापडं बेतायच्या टेबलावर माझ्याशी बुद्धिबळ खेळायचा. मी त्याचा घोडा मारला की भोकाड पसरायचा. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, हा गळा काढून बसलेला, काय करणार? मी नियमच ठोकून दिला, हत्ती दिला की घोडा परत. आनंदानं हत्ती द्यायचा, वेडा. खरं तर हत्ती जास्त मोलाचा, हे त्याला कळलं तोवर मिसरूड फुटलं होतं. केवढा हसला होता तेव्हा!

पुढे ऑफिसातून आला की हौसेनं तो बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहीत बसायचा. कुणीही फुकट उतरवून घ्यावा म्हणून नेटवर ठेवला. घोडा वाचवायला तो हत्ती घालवतो हे बघून कुठून कुठून लोक लिहायचे, एवढी चूक सुधारा. त्याचं सगळ्यांना एकच उत्तर: चूक नाही, घरचं वळण आहे. तुला ती थट्टा वाटली असेल. टेबलावरची गोष्ट त्यानं तुला सांगितली नसणार, लाजायचा.

तो गेल्यावर नेटवरचं ते पान तू बंद पडू दिलं नाहीस, याचं मला फार कौतुक आहे. नवी आवृत्ती चढवलीस, लोकांनी वाहवा केली, मीही शेजारणीला सांगत सुटले. त्याची आवृत्ती असलेल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली, तेव्हा नव्यावर तिच्याकडूनच तुझी आवृत्ती उतरवून घेतली आणि बसले खेळायला. सवयीनं घोड्यावर नेम धरला. प्रोग्रॅमनं घोडा देऊन टाकला. हत्ती आपला जागेवर. मग मला चारी मुंड्या चीत केलं. खेळ चोख होता पोरी, नाव ठेवायला जागा नाही. पण मी टेबलावर डोकं टेकून रडले. तो पुन्हा एकदा गेला असं वाटलं.

म्हणून हे पत्र. जुनी आवृत्ती पानावर आता दिसत नाही, असं शेजारीण म्हणाली. तुझ्याकडे कुठे पडली असेल तर परत ठेव. नवीला हात लावू नकोस, ती तुझी मेहनत आहे. जुनी खाली कोपऱ्यात असू दे, वर खुशाल लिही की ही कच्ची आहे, घेऊ नये. लोक नाही घेणार. मी घेईन. आणि पुसून टाकली असशील, तर तसं मला कळवू नकोस. शोधतेय, एवढंच म्हणत राहा.

तुझीच,
आई