टपावरचे ओरखडे

रविवार, ४ ऑक्टोबर

बॉनेटवर ओरखडे. सरळ नाहीत — गोल, एकात एक गुंतलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. काल संध्याकाळी गाडी धुऊन वॅक्स केले तेव्हा पार्किंगमध्ये उजेड बेताचाच होता. आज सकाळी ऊन थेट पडले आणि काळ्या रंगावर सगळे उघडे पडले. बॉनेटशी सासरे उभे. हातात स्वयंपाकघरातले फडके.

मी बोललो. नको तितके बोललो. 'बाबा, हा स्वयंपाकघरातला ओटा नाही. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की रंगाचं वाटोळं होतं, हे किती वेळा सांगायचं?' समोरचे डॉक्टर आपल्या गाडीत बसत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. सासऱ्यांनी फडक्याची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली, आणि वर गेले.

माझे म्हणणे बरोबर होते. सूर चुकला, एवढेच.

सोमवार, ५ ऑक्टोबर

सूर चुकला, असे पत्नीजवळ कबूल केले. ती म्हणाली, 'मला काय सांगता? ते आतल्या खोलीत आहेत.'

गेलो नाही. वर्तमानपत्र वाचत होते. उद्या बघू.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

सासरे खाली उतरत नाहीत. एरवी मी ऑफिसमधून आलो की गेटपाशी असायचे. गाडीला ते माझी धाकटी मुलगी म्हणतात. 'काय जावईबापू, धाकटीची अंघोळ कधी?' हे ठरलेले. मला तो विनोद फारसा आवडत नसे. चार दिवस ऐकला नाही तर घर कसेसेच वाटते आहे.

आज जेवताना म्हणाले, 'थोडे दिवस मुलाकडे राहून येतो.'

पत्नी म्हणाली, 'तिथं लिफ्ट नाही, बाबा. चार जिने चढणार कसे?'

'उतरायचंच नाही म्हटल्यावर एकदाच तर चढायचेत.'

स्वतःच हसले. दुसरे कोणी हसले नाही. ते गेले तर परत येणार नाहीत, हे तिघांनाही कळत होते. पत्नीने माझ्याकडे पाहिले. 'राहा' हा एकच शब्द पुरला असता. मी पाणी मागितले.

शनिवार, १० ऑक्टोबर

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

ओरखडे पॉलिशने काढायचे म्हणून आधी गाडी नीट धुतली. माझी पद्धत ठरलेली आहे: साबणाच्या पाण्याची एक बादली, निव्वळ पाण्याची दुसरी, धुवायचा लोकरी हातमोजा प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच पहिलीत बुडवायचा. सुरुवात टपापासून, मग खाली. टप पुसायला स्टुलावर चढलो आणि तिथेच थांबलो.

टपावरही तीच जाळी. अगदी मधोमध.

सासऱ्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला आहे. हात छातीच्या वर जात नाही. हे मला कोणी सांगायला नको — रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बाही मीच धरतो. हा माणूस माझ्या गाडीच्या टपावर गोल गोल फडके फिरवणार कसा?

मग आठवले. गेल्या शनिवारी डॉक्टर शेजारी उभे होते. गाडी शास्त्रशुद्ध कशी धुवावी, यावर मी त्यांना व्याख्यान देत होतो. 'मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, वाळूचा एक कण पुरतो,' हे वाक्य माझ्या तोंडी असतानाच मोजा हातातून निसटून फरशीवर पडला. मी तो उचलला, झटकला आणि बोलणे न तोडता टपावर, मग बॉनेटवर फिरवला. डॉक्टर पाहत होते. ते सभ्य गृहस्थ आहेत.

ओरखडे माझे आहेत.

रविवार, ११ ऑक्टोबर

सकाळी बाही धरली. सासऱ्यांनी हात आत सरकवला. 'झालं?' मी विचारले. 'झालं,' ते म्हणाले.

बोलण्यासाठी याहून चांगली वेळ कोणती असणार होती? दोघेच होतो. दार लोटलेले होते.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

ऑफिसात आज एका कनिष्ठाला झापले. गोदामातली तफावत त्याने स्वतः न तपासता पहारेकऱ्याच्या माथी मारली होती. 'आधी पडताळणी, मग आरोप. अंतर्गत तपासणी विभागात ही बाराखडी आहे,' असे त्याला सुनावले. तो मान खाली घालून 'हो सर, चुकलं सर' म्हणाला. एका दमात म्हणाला. त्याचा हेवा वाटला.

घरी आलो तर सासऱ्यांची पेटी माळ्यावरून खाली आली होती. मेहुणा रविवारी वाट पाहणार आहे, असे पत्नीने सांगितले.

मनाशी युक्तिवाद चालू आहे: मुलाकडे जावे असे त्यांच्या मनात आधीपासूनच असेल, ओरखडे निमित्तमात्र असतील. हा युक्तिवाद दुसऱ्या कोणी माझ्यापुढे मांडला असता तर मी त्याला उभा राहू दिला नसता.

शनिवार, १७ ऑक्टोबर

ओरखडे काढले. बारीक पॉलिश, मऊ फडके, हाताचा दाब सारखा; मग वॅक्सचे दोन पातळ हात. टप, बॉनेट, दारे — कशावर काही राहिले नाही. काम उत्तम झाले आहे. पुरावा नष्ट करणे यालाच म्हणतात, हे मला शिकवायची गरज नाही.

पत्नी खाली आली. वाकून बॉनेट पाहिले.

'निघाले वाटतं सगळे?'

'हो. बाबांना सांग, निघाले म्हणून. मनाला लावून घेऊ नका म्हणावं.'

हे मी म्हणालो. मीच. मोठ्या मनाचा जावई!

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. म्हणाली, 'तुम्हीच सांगा.'

रविवार, १८ ऑक्टोबर

सासऱ्यांना पोहोचवून आलो. बसण्याआधी त्यांनी चपला एकमेकींवर आपटून झटकल्या. दाराला हात न लावता, मी उघडण्याची वाट पाहत उभे राहिले.

वाटेत म्हणाले, 'धाकटी चकाकतेय हो.' मी 'हं' म्हटले. पुढचा सिग्नल आला की बोलायचे, असे ठरवले. सिग्नल आले आणि गेले.

चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक जिन्यावर थांबले. पेटी मी घेतली होती. खोली लहान आहे. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. निघताना माझ्या पाठीवर थाप मारली — डाव्या हाताने. 'या अधूनमधून.'



बुधवार, २१ ऑक्टोबर

दुपारी ऑफिसमधून फोन केला. काय बोलायचे ते कागदावर लिहून ठेवले होते, पण ते वाचले नाही. सरळ म्हणालो, 'बाबा, ते ओरखडे तुमच्या पुसण्यानं पडलेले नव्हते. माझ्या हातून पडले होते.'

'असं होय,' ते म्हणाले. मग, 'अहो, मी पुसलंच नव्हतं.'

मी कागद उलटा करून ठेवला.

'पक्ष्यानं घाण केली होती बॉनेटच्या कडेला, तुमच्या नजरेत आली नसेल. फडकं घेऊन उतरलो खरा, पण तुमचे नियम मला ठाऊक आहेत की. म्हटलं, तुम्ही खाली आलात की विचारावं, पुसू का म्हणून. तेवढ्यात तुम्ही आलात.'

'मग तेव्हाच बोलला का नाहीत?'

'मुलीच्या घरी होतो,' ते म्हणाले.

परत चला म्हणालो. पुन्हा म्हणालो. त्यांनी विषय हवेकडे वळवला. फार सहज वळवला, माझी अडचण होऊ नये अशा बेताने.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

सकाळी पत्नीला सर्व सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, 'गाडीला हात लावला नव्हता, हे बाबांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं.'

'आणि तू गप्प राहिलीस?'

'आधी वाटलं, तुम्ही त्यांना विचाराल. मग ओरखडे निघाले त्या दिवशी तुमचा चेहरा पाहिला आणि कळलं, तुम्हालाही ठाऊक आहे. म्हटलं, ते जायच्या आत तरी बोलाल.'

घड्यांचा ढीग उचलून ती आतल्या खोलीत, बाबांच्या रिकाम्या कपाटाकडे गेली. आमच्या कपाटातून काढलेले, सगळे तिचेच कपडे होते.