ओजसला कुत्र्याचं काम

३० सप्टेंबर २०१७, शनिवार

झाली एकदाची कामांची वाटणी! ड्रेस्डेनच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गोष्ट ऑफिसमधल्या अनाहितने सांगितलेली, तिच्या आर्मेनियातली. दुकानात मधाचा एक थेंब सांडतो. त्यावर माशी बसते, माशीवर मांजर झेप घेतं, मांजरावर गिऱ्हाइकाचा कुत्रा. दुकानदार कुत्र्याला बडवतो, गिऱ्हाईक दुकानदाराला. मग दोन गावं भांडतात, मग दोन राजे, मग युद्धच!

माझी लेक ऊर्जा माशी. आमच्या खाली राहणाऱ्या कौमुदी-नागेशचा ओजस कुत्रा. पोरगं इतकं खूश, की येताना ट्रॅममध्ये सारखं भुंकत होतं. एक जर्मन आजी दचकून लांब जाऊन बसल्या.

१ ऑक्टोबर

कौमुदीचा मेसेज — "आमचा ओजस कुत्रा का?" बस, एवढंच! मी लिहिलं, "अगं, त्यालाच आवडलंय." त्यावर बाईसाहेब, "तुला काय! तुझी माशी निदान उडते तरी."

उडते तरी! मी हसत सुटले. श्रीनाथ म्हणाला, "हसू नकोस, ती खरंच चिडलीय." नवऱ्यांना काय कळतं? दोन मजले खाली राहते, उद्या येईल कॉफीला.

२ ऑक्टोबर

नाही आली.

३ ऑक्टोबर, सुट्टी

मग मीही इरेला पेटले. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं — "कामं बदलणार नाहीत." विभावरीने लगेच टाळ्या पाठवल्या. त्यावर कौमुदीच्या बाजूचा कुमार भडकला. त्याने विभावरीचा मागच्या वर्षीचा खारट चिवडा काढला. आता चिवड्याचा इथे काय संबंध! पण ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत त्यांचा दुसरा ग्रुप तयार. नाव — 'खरी दिवाळी'. म्हणजे आमची खोटी!

७ ऑक्टोबर

दोन दिवाळ्या! एकाच शनिवारी, दोन हॉलमध्ये. ड्रेस्डेनमधली मराठी माणसं ती किती, एका ट्रॅममध्ये मावतील. त्यांनी आमचा तबलेवाला पळवला. त्यांचा करंजीचा साचा माझ्याकडे राहिलाय, तो मी मुळीच परत देणार नाही. श्रीनाथ म्हणतो, "गेनाऊ, अगदी बरोबर! हेच तर तुझं नाटक." आता त्याच्याशीही बोलणं बंद.

हसू येतं, पण करमत नाही. कौमुदी जिन्यात भेटली तर मान फिरवून गेली. ऊर्जाच्या वेळी माझ्या बाळंतपणात आईचा व्हिसा अडकला, तेव्हा सगळं कौमुदीने केलं. डिंकाचे लाडूसुद्धा! ह्या गावात माझं माहेर म्हणजे ती. एका कुत्र्यापायी ती तुटली तर मी काय करू?

१४ ऑक्टोबर

तालीम, कुत्र्याशिवायच. शेवटी दोन्ही राज्यं उपाशी मरतात, जिंकत कोणीच नाही. ऊर्जाने मधेच हात वर केला आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये विचारलं, पण मग तो मध पुसला कोणी?

कोणीच नाही गं बाई! एवढं रामायण झालं आणि एकालाही फडकं घ्यायचं सुचलं नाही. मला पुढे शिकवताच येईना. मुलांना ज्यूस देऊन घरी पाठवलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच खाली गेले. बेल वाजवणार तेवढ्यात दार उघडलं. कौमुदी वर माझ्याकडेच यायला निघाली होती. मी म्हटलं, "हवं तर ओजसला राजा करू, पण तू बोल माझ्याशी."

ती म्हणाली, "कुत्र्याचं काही नव्हतं गं. नागेशने पुण्यात नोकरी घेतलीय. डिसेंबरमध्ये आम्ही जातोय, कायमचे. तुला सांगायला धीरच होईना. म्हटलं, भांडून गेलं तर सोपं जाईल."