कुंपणाची मेंदी

दादा, झरीच्या घराभोवती तुम्ही कुंपण का लावलंत, ते मला तेव्हाही कळत होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीचं, लुटालुटीच्या गडबडीचं वर्ष होतं. आई नुकतीच गेलेली, घरात आपण दोघं बापलेक, दुसरं बाईमाणूस नाही आणि तुम्ही दिवसभर शाळेत. तिसरीतून माझं नाव काढलंत आणि ओढ्याकाठून हिरव्या काड्यांचा भारा आणून अंगणाच्या कडेनं रोवलात. "मेंदी हाय. बारा महिने हिरवी ऱ्हाती, ढोरं तोंड लावत न्हाईत," असं म्हणालात. मुलांना पानं दाखवून झाडं ओळखायला शिकवणारे मास्तर तुम्ही, तुमच्यावर शंका कोण घेणार?

पाणी मीच घालायची. विहिरीचं मचूळ पाणीसुद्धा त्या काड्यांना मानवलं. डोळे फुटले की मी हरखून जायची. आपल्याच भोवती भिंत उठतेय, एवढी अक्कल त्या वयात कुठली? पुढे पोलीस ॲक्शन झाली, गाव निवांत झालं, गल्लीतल्या दोघी-तिघी पुन्हा पाटी घेऊन जायला लागल्या. मी विचारलं, "दादा, आता जाऊ का?" तुम्ही म्हणालात, "जरा दम धर. दिवस अजून बरे न्हाईत." तो दम मी किती वर्षं धरला! शाळा गल्लीच्या टोकाला. तुम्ही तिथे पाढे म्हणवून घेताय आणि मी कुंपणाआडून तेच पुटपुटतेय, एकोणतिसाशी अडतेय. संध्याकाळी तुम्ही घसा बसवून घरी येता. मी भाकरी वाढते. पुढचं विचारायचा धीर होत नाही.

नागपंचमीला मी पानं वाटून हाताला लावली, तर रंगच चढला नाही. "कोवळं हाय अजून झाड, रंग कसा चढंल?" तुमचं हे म्हणणं मला पटलं. दर पंचमीला पटत गेलं. झाड माझ्या डोक्यावर गेलं, तरी तुमच्या लेखी ते कोवळंच होतं.

मग माझं लग्न ठरलं. बोरीहून आत्या आली. दुपारी तिनं कुंपणाचं पान खुडलं, बोटांत चुरगळलं, वास घेतला. "मास्तर, ही मेंदी न्हाई रे. कोयनेल हाय. मेंदीचं पान इवलंसं असतंय, जून फांदीला काटा असतो. हिचं पान बघ केवढं जाड हाय. इतकी वरसं तुला कळलं न्हाई?" तुम्ही पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणालात, "असंना का. कुंपण म्हणून तर लागू पडली न्हवं?" आत्या हसली. मला मात्र राग आला. बोहल्यावर मी कोऱ्या हातांनी उभी राहिले. तो राग अजून गेलेला नाही.

पूर्णेला तुमचे जावई भले निघाले. रेल्वेच्या क्वार्टरला कुंपण नव्हतं, दारासमोर उघडं मैदान. वर्षभरातच ते म्हणाले, "मोठ्या बायांसाठी वर्ग निघालाय. तू जा. मी सांगून ठेवलंय." मी गेले. वर्गात पाच-सहा जणी बसलेल्या, बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी मला पाहून "या की आत" म्हटलं. मी उंबऱ्याशीच थांबले. पाय उचलेना. अडवणारं कोणी नव्हतं, तरी तुम्ही कुठूनतरी "जा" म्हणाल, याची मी वाट पाहत होते. तास सुटायच्या आधीच मी घरी परतले आणि तुमच्या जावयांना सांगितलं, मला नाही आवडलं. नंतर त्यांनी दोनदा विचारलं. मी तेच सांगितलं.

तिसरीनंतर विसरलेलं वाचणं-लिहिणं मी पुढे मुलांच्या पुस्तकांवरून पुन्हा शिकले, स्वयंपाकघरात, कोणाला कळू न देता. हे पत्र त्याच अक्षरात आहे. तुम्ही गेल्याला आता खूप वर्षं झाली, पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. पण खरं सांगू का दादा, तुमचा पत्ता हाताशी असता, तरी मी आधी तुम्हालाच विचारलं असतं, पाठवू का म्हणून.