म्हाताऱ्या बेडकाच्या तरुण पेशी

मंगळवार, ५ ऑगस्ट २०१४
कामोठे

गव्हाणच्या तळ्यातला तो लंगडा बेडूक! एम.एस्सी.ला असताना मी त्याची मापं घेतली, तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता. आता माझी पीएच.डी. संपत आली, तरी तो मजेत आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या पायाच्या पडद्याचा कणभर तुकडा घेऊन त्याला सोडलं. आमच्या रंगात म्हाताऱ्या पेशी निळ्या होतात. याच्या निळ्याशार होणार, हे मी धरूनच चालले होते. पण निळं काही दिसेचना!

"रंग बिघडला असेल," माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या. मलाही तेच वाटलं. म्हणून आज ताजा रंग केला. मुद्दाम इजा करून म्हाताऱ्या केलेल्या पेशी त्यात निळ्याशार झाल्या, म्हणजे रंग चांगला होता. मग लंगड्याची आणि एका कोवळ्या बेडकाची काचपट्टी नावं झाकून मॅडमपुढे ठेवली.

"यातला म्हातारा ओळखा."

बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहून त्यांनी बोट ठेवलं ते कोवळ्यावर!

मी नाव उघडून दाखवलं. त्यांनी दोन्ही काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या.

एकाच बेडकावरून काही सिद्ध होत नाही, कळतंय मला. पण तो एकटाच असा असेल का? वय जातं तरी कुठे त्याचं?

शेवटी मॅडमनी चष्मा पुसला. "उद्या तळ्यावर मीही येते."

गुडघ्यांमुळे कित्येक वर्षं त्या चिखलात उतरलेल्या नाहीत. आईचे गमबूट त्यांना होतील बहुतेक.